दुपारची चूक, पहाटेचं पाणी

हडपसरच्या पुढे एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. यंत्रावरून उतरलेल्या दांड्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजायची, कागदावर लिहायची आणि माल पुढे सोडायचा. बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे एका मंगळवारी पावणेतीनच्या सुमारास मी अर्ध्या मिलिमीटरची रेघ वाचायलाच विसरलो, तेव्हा जुळणी विभागातल्या माणसाला वाटलं, मी थट्टा करतोय.

पुढे असं वारंवार होऊ लागलं. आकडा समोर असायचा, पण डोक्यात शिरायचा नाही. साहेब म्हणाले, "एक ते चार बंद, अशी पाटी लावू का तुमच्या टेबलावर?"

मी एक वही सुरू केली. चूक कधी झाली ती वेळ, जेवण, चहाचे कप, झोप. पाच आठवड्यांत एकोणीस चुका, त्यातल्या पंधरा सव्वादोन ते साडेतीनमधल्या. चहा दोन कपांवरून पाचांवर गेला होता, उपयोग शून्य. डॉक्टरांनी साखर, रक्तदाब, सगळं तपासलं. काही निघालं नाही.

"झोप किती?" त्यांनी विचारलं.

"सात तास," मी वहीत बघून सांगितलं.

"मग दुपारचा भात कमी करा."

भात कमी केला. थोडा फरक पडला, पण चुका थांबल्या नाहीत. आता मला खरी भीती वाटू लागली, की आपलं डोकंच कामातून गेलं. दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच बाजूला व्हावं म्हणून गोदामात बदलीसाठी अर्ज लिहिला आणि घडी करून वहीत ठेवला.

तो बायकोच्या हाती लागला. तिने अर्ज वाचला, मग वही वाचली.

"अहो, इथे लिहिलंय, झोप अकरा ते सहा. मग आपल्या बिल्डिंगचं पाणी कोण सोडतं? भूत?"

"ते काही उठणं नव्हे. पाणी सोडून मी परत झोपतोच."

"खाली जाता कधी?"

"चार वीसला."

"आणि येता?"

"टाकी भरली की. सव्वापाचला."

"वजाबाकी तुम्हीच करा. माझे हिशेब कच्चे, असं तुम्हीच म्हणता."

केली. पाच तास वीस मिनिटं. सव्वापाचनंतर मी नुसताच पडून असायचो, मोटर नक्की बंद केली ना, याचा विचार करत. आमच्या कात्रजच्या भागात नळाची वेळ पहाटेची झाली, त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षं मी खोटं न बोलता चुकीचा आकडा धरून चाललो होतो, आणि झोपेची उधारी साचत गेली होती. पण त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, उलट खूप हलकं वाटलं. डोकं शाबूत होतं. फक्त झोपेचा आकडा चुकला होता.

व्हॉल्व्हची किल्ली माझ्याकडे होती, कारण पूर्वी एकाने मोटर चालू ठेवून टाकी तासभर वाहवली होती. तेव्हापासून मी ती कुणाला दिली नाही. आता तळमजल्यावरच्या चाचांकडे गेलो. त्यांनी शिवणकामाचं दुकान मुलाकडे सोपवलं होतं.

"मी तर त्या वेळी नमाजासाठी उठलेलोच असतो," ते म्हणाले. "तुमच्या चपलांचा आवाज रोज ऐकतो. वाटायचं, यांना आवडत असेल."

किल्लीबरोबर सूचना लिहून द्याव्यात म्हणून वहीतला घडी पडलेला सुटा कागद काढला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. व्हॉल्व्ह डावीकडे किती फेरे, मोटर कधी, बंद कशी, अशी नऊ कलमं झाली. चाचांनी ती शांतपणे वाचली.

"यावर कलेक्टरची सही नको?"

पहिले तीन दिवस मला चार वीसला जाग आलीच. दुसऱ्या आठवड्यात सहापर्यंत सलग झोप लागली. चारनंतरचा चहा सोडला. बारीक मापांचं काम सकाळी घेऊ लागलो. तीनला जडपणा अजूनही येतो. विभागात सगळ्यांनाच येतो, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या वेळी मी प्रत्येक माप दोनदा घेतो. पुढच्या पाच आठवड्यांत दोन चुका झाल्या. त्यातली एक सकाळी दहाची होती, आणि तिचा मला जवळजवळ आनंदच झाला.

चाचांनी माझी नऊ कलमं मोटरच्या पेटीत खळीने चिकटवून टाकली. मागच्या बाजूला बदलीचा अर्ज होता, हे मला तेव्हा आठवलं. सोडवायला गेलो असतो, तर कलमंही फाटली असती. राहू दिला.