नुसतं बघायचा हक्क

अमृतचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत आहे. त्यामुळे त्याच्याकडे कोण काय बोललं ते मला आपोआप ऐकू येतं. मी कान लावत नाही. फार तर मशीन थांबवते.

अमृत वलवणचा. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंत लग्नांचे फोटो काढतो, आणि हात चांगला आहे त्याचा. स्वभावात खोट एकच, त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. पंगतीत बसला तर वाढपी पुढे जाईपर्यंत ताटात भाताचा डोंगर होतो आणि हा मुकाट्याने संपवतो.

पूर्वी अल्बमचे फोटो निवडायला घरची माणसं दुकानात यायची, चहा प्यायची, भांडायची. आता अमृत सगळे फोटो इंटरनेटवर एका फोल्डरमध्ये टाकतो आणि लिंक पाठवतो. ज्याला त्याला आपल्या मोबाइलवर दिसतात. कुणी नुसतं बघायचं आणि कुणाला फेरफार करता येईल, म्हणजे त्यातले फोटो काढून टाकता येतील, हे त्याने ठरवून द्यायचं. शिवाय तो शहाणपणाने फोल्डर दोन करायचा. मुलीच्या घरचे कार्यक्रम मुलीकडच्यांना, मुलाकडचे मुलाकडच्यांना. एकमेकांच्या घरातली हळद कुणी कशाला बघायची?

या वैशाखात वलवणच्या रतनबाईच्या सारिकाचं लग्न झालं. रतनबाई खंडाळ्याला एका बंगल्यावर साफसफाईला जाते. सारिका लहान असतानाच नवरा गेला. लग्नाचा भार तिच्या भावाने, गेणूमामाने उचलला. लोहगडवाडीला गडाखाली त्याचं पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे.

हळदीला मी होते. सवाष्णींनी एकेक करून हळद लावली आणि रतनबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी राहिली. विधवा बाईने हळदीला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही, आणि आम्हा बायकांपैकी कुणी तिला हाकही मारली नाही. हाक मारली ती सारिकाने. आईने लावल्याशिवाय मी पाटावरून उठणार नाही म्हणाली. रतनबाई आली, दोन्ही हातांनी पोरीच्या गालांना हळद लावली आणि तोंडभर हसली. गेणूमामाने तोंड फिरवलं, ते सगळ्यांनी बघितलं. अमृतने फोटो काढले. निघताना रतनबाईने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्यातला एक फोटो मोठा करून दे, भिंतीला लावायचाय.

लग्नानंतर अमृतने दोन्ही घरांना आपापल्या फोल्डरची लिंक पाठवली. फेरफाराचा हक्क फक्त नवरा-नवरीला दिला, बाकीच्यांना नुसतं बघायचा. झालं, गेणूमामा रुसला. टॉवेल-टोपी राहिली तर माणसं मांडवातून उठून जातात, ते मी बघितलंय. पण मोबाइलवर ‘फक्त पाहू शकता’ असं आलं म्हणून रुसलेला हा पहिलाच. त्याने फोन करून अमृतला विचारलं, “भाचीला बोहल्यावर मामानं न्यायची, आन फोटू मामानं नुसतं बघायचं?” मामाला हक्क दिला तर नवऱ्याच्या काकाला राग येईल, काकाला दिला तर आत्याला. अमृतने हात जोडले आणि दोन्ही फोल्डर दोन्हीकडच्यांना खुले करून टाकले, सगळ्यांना सगळे हक्क देऊन. घराची किल्ली गावभर वाटतोयस, असं मी त्याला म्हटलं. तो हसला. सगळी घरचीच माणसं आहेत ताई, म्हणाला.

पुढे अल्बम जुळवायला बसला तेव्हा हळदीचे रतनबाईचे फोटो फोल्डरमध्ये नव्हते. बाकी सगळे होते, तिचा हात दिसत होता तेवढे नेमके गेले होते. फोटो हरवले नव्हते, मूळचे त्याच्या कॉम्प्युटरवर होते. पण कुणीतरी रतनबाईला निवडून बाजूला काढलं होतं, आणि ते अमृतला फार लागलं.

लागलं म्हणून त्याने डोकं चालवायचं सोडून गाडीला किक मारली. फेरफाराचा हक्क कुणी मागितला होता? गेणूमामाने. हळदीला तोंड कुणी फिरवलं होतं? गेणूमामानेच. तो थेट लोहगडवाडीला गेला आणि गिऱ्हाइकं जेवत असताना, शेजारच्या टपरीवाल्यांच्या देखत, म्हाताऱ्याला म्हणाला की हळदीला तोंड फिरवलंत ते फिरवलंत, पण सख्ख्या बहिणीचे फोटो फेकताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणाला तोंडावर बोलला, आणि ते असं. गेणूमामा ओरडला नाही. हातातली भाकरी त्याने परातीत ठेवली.

“तोंड फिरवलं ते डोळं पुसाया,” म्हणाला. “बापाच्या जागी मी उभा हुतो. रडताना कसा दिसू?”

परत येऊन अमृतने जे आधी बघायचं ते बघितलं. फोल्डरमध्ये कुणी कधी काय केलं याची नोंद आपोआप राहते. फोटो काढून टाकणाऱ्याचं नाव तिथे होतं, सारिका.

त्याने तिला तळेगावला, सासरी फोन लावला. तिने रडतच सांगितलं. फोल्डर खुला झाल्यावर आत्येसासूने सगळ्यांसमोर मोबाइल धरून हळद बघितली. विधवेच्या हातची हळद लावून पोर आपल्या घरात आली आणि वर त्याचे फोटो पाठवलेत, असं बोलली. सारिका गप्प बसली. दुपारी सगळे झोपल्यावर तिने आईचे फोटो काढून टाकले.

“हळदीत मी हट्ट केला आणि इथं तोंड उघडलं नाही,” ती म्हणाली. “आईला सांगू नका, दादा. मला तिच्याकडं बघता येणार नाही.”

हे सगळं अमृतने मला येऊन सांगितलं, माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून, जमिनीवरच्या चिंध्यांकडे बघत. दार त्याने उघडलं होतं. आपण फोल्डर खुले केले नसते तर आत्येसासूला हळद दिसलीच नसती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पोरीची आणि आईची जी एक गोष्ट घरात राहायची ती आपण परक्या ओसरीवर नेऊन ठेवली, आणि वर एका भल्या माणसाला चोर ठरवलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याला धीर द्यावासा वाटला नाही. राग आला होता मला. पण तो माझ्या देखतच उठून फोल्डर बंद करायला गेला, आणि मग लोहगडवाडीला, मामाचे पाय धरायला. त्याच टपरीवाल्यांच्या समोर धरले म्हणे. मामाने पाठीवर हात ठेवला, पण जेवून जा म्हणाला नाही. मावळात याचा अर्थ काय होतो ते अमृतला कळत होतं.

आठवड्याच्या बाजाराला रतनबाई आली. पिशवी अमृतच्या दाराशी ठेवून आत बसली आणि आपला भाऊ इतका का दुखावलाय, फोटोचं काय झालं, असं तिने विचारलं. मी मशीन थांबवलं.

अमृत म्हणाला की चूक माझीच, माझ्या हातून चुकून फोटो गेले आणि उगाच मामांवर आळ घेतला.

“तुला खोटं बोलाया येत न्हाई, अमृता,” रतनबाई म्हणाली. “सारिकानं काढून टाकलं न्हवं?”

चहा सांगतो मावशी, तो म्हणाला.

“फोनवर फोटू बघितलास का म्हनलं, की ती पावसापाण्याचं बोलती. तवाच कळलं मला.” मग म्हणाली, “सासरी कुनी बोललं आसंल.”

अमृतने फ्रेम करून ठेवलेला फोटो बाहेर आणला असावा, कारण भिंतीपलीकडे टेबलावर काच टेकल्याचा आवाज आला. मग काचेवरून पदर फिरवल्यासारखं ऐकू आलं. फ्रेमचे पैसे नकोत, असं अमृत कसंबसं म्हणाला.

“ऱ्हाऊ दे तुज्याकडंच,” ती म्हणाली. “खिळा ठोकून ठिवलाय, त्येला कॅलेंडर लावीन. पंचमीला पोरगी म्हायेरी येईल. समोर ह्यो दिसला तर तिची मान खाली जाईल. माज्या घरात तिनं मान खाली घालायची न्हाई.”

मला उठून पलीकडे जावंसं वाटलं, पण गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? हळदीची वाटी हातात घेऊन मीही त्या दिवशी तिच्या समोरूनच गेले होते.

मग अमृतने तिला सांगितलं की सारिकाने एक मागितलंय. तिला ते फोटो कधीतरी एकटीला बघायचेत. त्याने एक वेगळा फोल्डर केलाय, त्यात फक्त तेवढेच फोटो, आणि लिंक फक्त तिला एकटीला जाईल. तुम्ही हो म्हणालात तर पाठवतो. या वेळी मी चुकणार नाही मावशी, तो म्हणाला, नुसतं बघायचा हक्क देणार, आता ते कुणाला काढता येणार नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजाला थोडा ताठपणा आला होता.

“काढायचा बी दे,” रतनबाई म्हणाली.

“मावशी, तिने पुन्हा काढले तर?”

“काढू दे की. येकादं कुनी पाठीमागनं येऊन बघितलं, तर तिला झटक्यात पुसता आलं पायजे. तिला तितं नांदायचंय.” खुर्ची सरकली. “तुज्याकडं हाय न्हवं ह्यो? मग झालं. मला बघावासा वाटला की मी येईन हितं.”

तिने पिशवी उचलली आणि ती माझ्या दारावरून स्टँडकडे गेली. मी पलीकडे गेले तेव्हा अमृत कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडद्यावर सारिकाचं एकटीचं नाव होतं आणि त्यापुढे फेरफाराचा हक्क दिलेला. त्याचं बोट बटणावर होतं, पण त्याला पाठवता येत नव्हतं. पडद्यावर पाणी पडलंय का बघा हो ताई, मला नीट दिसत नाहीये, असं तो म्हणाला.

पडदा कोरडा होता. मी त्याच्या हातावर हात ठेवून बटण दाबलं.