आजीचा गुडघा आणि माझी अर्धवट लव्हस्टोरी

रविवारी आमच्या क्वार्टरच्या जिन्यात जे झालं ना, ते आत्ता लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल यार!

आधी थोडं बॅकग्राउंड. बाबांची बदली चंदीगडला झाल्यापासून आम्ही इथे दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिवाळीनंतर आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आई-बाबा ऑफिसात, आणि घरात रिकामा कोण? इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून बसलेला मी... म्हणून आजीची ड्यूटी माझ्या गळ्यात.

फिजिओथेरपिस्ट सतविंदरजी आठवड्यातून दोनदा घरी येतात. बाकीचे दिवस मी. त्यांनी सगळं नीट शिकवलं... डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी. पाय वाकवताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. नंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. आणि मध्येमध्ये विचारायचं (ते आजीला पंजाबीत "बीजी" म्हणतात), "बीजी, दस में से कितना दर्द?" पाचपर्यंत चालेल, फार वर गेलं की थांबायचं.

आता आजीचा घोळ असा, की सतविंदरजींना ती कायम "दो" सांगायची. परक्या माणसासमोर विव्हळायचं कसं! ते गेले की मला, "मेल्या, नऊ होतं!" आणि दुसऱ्या दिवशी पायाला हात लावू द्यायची नाही. मी भडकायचो, ती माझ्यापेक्षा भडकायची. आमच्या घरातला तापटपणा कुठून आलाय ते कळलंच असेल...

गुडघा अडकला तो अडकलाच. सतविंदरजी म्हणाले, आत्ता नाही वाकवला तर कडक होईल, मग जिन्याचं विसरा.

आणि आजीला तर जिनाच हवा होता. आमच्या घरात ऊन येत नाही. खाली लॉनवर सगळ्या बायका उन्हात शेंगा फोडत, स्वेटर विणत बसतात, आणि ही खिडकीत रजई पांघरून त्यांच्याकडे बघत राहायची... ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

एक दिवस मी तिची टाच धरून बसलो होतो आणि तिने एकदम विचारलं, "तुझं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? तुझं किती दुखतंय, दहापैकी?"

"अकरा," मी म्हटलं. आणि सगळं बाहेर पडलं... हरलीन! सेक्टर बावीसच्या कॉम्प्युटर क्लासला शेजारच्या मशीनवर बसायची. पहिल्याच दिवशी आम्ही माऊसवरून भांडलो होतो.

मी बोलत होतो आणि आजीची टाच हळूहळू मागे सरकत होती, म्हणजे गुडघा वाकत होता. तिचं लक्षच नव्हतं! मी बघतच राहिलो तर म्हणाली, "हं, मग? ती काय म्हणाली?"

"आधी नंबर सांग. खोटं बोललीस तर गोष्ट बंद."

"चार. बोल आता!"

झालं... रोज व्यायामाला गोष्टीचा एक हप्ता! हरलीनला आयटी पार्कात नोकरी लागली तो दिवस, आमचे छोले-कुलचे, सगळं. गुडघा मस्त वाकायला लागला. सतविंदरजींनी जिन्याची परवानगीसुद्धा दिली, पण आजीचा धीर होईना.

आणि तेवढ्यात गोष्ट येऊन पोहोचली सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर. सुट्टीत घरी जायला पतियाळाच्या बसमध्ये चढता चढता हरलीन म्हणाली होती, "पहले कॉलेज पूरा कर, फिर गुस्सा कर." आणि मी पाठ फिरवून निघून आलो होतो. कॉलेज सोडण्याबद्दलचं माझं म्हणणं मला अजूनही बरोबरच वाटतं... जाऊ दे.

"मग?" आजी.

"मग काही नाही. तेव्हापासून बोलणं बंद."

"म्हणजे तुझी गोष्ट अडली म्हणून माझा गुडघापण तिथेच अडकवणार? फोन कर तिला."

"मी का करू?"

आजीने पाय सरळ केला आणि वर रजई ओढली. "मग मीपण करत नाही."

दोन दिवस संप! शेवटी शनिवारी केला फोन. सॉरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं, "तेरी वजह से दादी का घुटना अटक गया है." पलीकडून हसण्याचा आवाज. "तेरे लिए नहीं, दादी के लिए आऊँगी."

रविवारी खाली स्कूटीचा हॉर्न वाजला. मी दाराकडे पळालो तर आजी म्हणाली, "थांब. तिला वर आणायचं नाही. ती वर आली तर मी खाली कशाला जाऊ? गोळी अर्ध्या तासापूर्वीच घेतलीय मी."

मी थक्क! बाईंनी सगळं ठरवून ठेवलं होतं.

एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. मी एक पायरी खाली. उतरताना आधी ऑपरेशनचा पाय... सतविंदरजींचा मंत्र. मधल्या वळणावर तिचा चेहरा पांढरा पडला. "किती?" "सहा." थांबलो. श्वास सोडला. खालून हरलीनचा आवाज, "दादीजी, मैं ऊपर आ जाऊँ?"

"खबरदार! वहीच ठैर!" आजी गरजली... आणि पुढची पायरी उतरली!

आजी उन्हात खुर्चीवर बसली तेव्हा लॉनवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, शप्पथ. हरलीनने शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवल्या. आजी म्हणाली, "बसस्टँड के बाद का अब तू बता." आणि मला वर पिटाळलं... बर्फ आणायला!

दोघी काय बोलल्या, कोणी सांगत नाही. पण आज व्यायाम करताना आजीने पुन्हा विचारलं, "तुझं किती रे?"

"दोन," मी म्हटलं. आणि हे तिच्या त्या "दो"सारखं खोटं नाही... थँक्यू आजी, विचारलंस म्हणून.