हळदीकुंकवाला निघालो होतो

भिंतीपलीकडचे लोक माझ्याबद्दल बोलतात, हे मी सगळ्यांत आधी दादाला सांगितलं. आईलाही नाही. आमच्या अंबरपेठच्या घराला त्या बाजूनं शेजारच नव्हता, नुसती मोकळी जागा होती. म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मलाही कळत होतं. "दादा, मला डॉक्टरकडं ने," मी म्हणाले. तो म्हणाला, "थांब की जरा. माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत. आत्ताच वेड्यांच्या दवाखान्यात गेलीस तर मला पोरगी कोण देईल?"

मी थांबले. आवाज थांबले नाहीत. जेवण सुटलं, झोप गेली, आणि एकदा मी अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसून राहिले. पाण्याच्या आवाजात ते बोलणं बुडेल असं वाटलं होतं. हे मात्र सगळ्या गल्लीनं पाहिलं. मग दादाला घाई झाली.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. आई म्हणाली, "सिकंदराबादला मावशीकडं हळदीकुंकू आहे, चल." मला खरंच आनंद झाला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला चारचौघांत न्यायला तयार होतं. आईनं तिची हिरवी साडी मला नेसवली, वेणीत गजरा माळला. तो तिनं दोनदा काढून पुन्हा माळला. मला वाटलं, पोरगी पुन्हा माणसांत येतेय म्हणून असेल. दादा गाडी चालवत होता आणि मावशीसाठी घेतलेली तिळगुळाची डबी मी मांडीवर धरून बसले होते.

गाडी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरली तेव्हाही मी विचारलं, "मावशी इथं कशी?" दादानं गाडी बंद केली. दवाखान्यातल्या दोघीजणींनी मला दंडाला धरून उतरवलं. आत नेऊन गजरा काढला, बांगड्या काढल्या, डबी काढून घेतली. गुळानं मरतो त्याला विष कशाला, म्हणतात. आमच्या घरानं ते अगदी तिळगूळ देऊन खरं केलं.

दवाखान्यावर माझा राग नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्यांदा आजाराचं नाव सांगितलं, औषधांनी भिंत गप्प झाली. आजही गोळ्या घेते, नोकरीला जाते. माझा राग आहे तो त्या हिरव्या साडीवर. अरे, मीच म्हणत होते ना, ने म्हणून! जी आपल्या पायांनी आली असती तिला फसवून कशाला आणायचं? अजूनही कुणी हळदीकुंकवाला बोलावलं तर मी कुणाच्या गाडीत बसत नाही, माझी मी रिक्षानं जाते.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. त्याची मुलगी, दिलसुखनगरला क्लासला जाते ती, खोलीतून बाहेर येईना. जगून काय करू, म्हणत होती. "तिला सांगू, मॉलला चाललोय," दादा म्हणाला. मी तडक त्याच्या घरी गेले आणि तिच्याजवळ बसून सांगितलं, "डॉक्टरकडं जायचंय. मी पण जाते, गोळ्या घेते. येतेस?" तिनं उठून चपला घातल्या.

गाडीत तिनं विचारलं, "आत्या, तुला फर्स्ट टाइम कोण घेऊन गेलं?"

मी तोंड उघडायच्या आत दादा पुढून म्हणाला, "आत्या स्वतःहून आली होती. हौ ना गं?"

आरशात त्याचा चेहरा दिसत होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं.