थांबाबाई

माझा राग कायम नाकावर. आमचे हे म्हणतात, हिच्या तोंडाला लागण्यापेक्षा मांजराच्या शेपटीवर पाय दिलेला बरा. त्यामुळे मी त्या दिवशी दवाखान्यात तमाशा केला याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. लाज वाटली ती मला. अजून वाटते, म्हणून सांगते आहे.

माझ्या डाव्या गालावर कुकरच्या वाफेनं भाजल्याचा चट्टा होता, वीस वर्षांचा. मधे खड्डा आणि कडेनं काळपट डाग. मी तिकीटखिडकीवर बसते. काचेपलीकडचा माणूस आधी गालाकडे बघायचा आणि मग कुठं जायचं ते सांगायचा. पोरं तर बोट दाखवायची. लेकीला नोकरी लागली तशी ती हात धुऊन माझ्या मागे लागली, "आई, आता तरी तो गाल दाखव." कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खड्ड्याखाली फिलरचं इंजेक्शन देऊन तो भरून काढू आणि मग लेझरनं डाग उजळवू. दोन्ही होईल, पण मधे महिनाभर जाऊ दे.

तिथं एक नर्सबाई होत्या. पेशंटांनी त्यांचं नाव थांबाबाई ठेवलं होतं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात लोंबत असलेला. वडिलांची लाँड्री होती, तिथं त्यांनी पंचविशीपर्यंत इस्त्री मारली. पुढे दवाखान्यात आयाबाई म्हणून लागल्या आणि बत्तिसाव्या वर्षी आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसून नर्सिंग शिकल्या. प्रत्येक पेशंटला त्यांची तीच सरबत्ती. गेल्या महिन्यात तोंडावर सुई घेतली का, पार्लरमध्ये काही करून आलात का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, उन्हात किती फिरता. कुणी का-कू केलं की म्हणायच्या, "मला फसवाल हो. कातडीला कसं फसवाल?" निम्म्या लोकांना त्या आजचं उद्यावर ढकलायला लावायच्या. लोक चिडायचे.

माझं फिलर दुपारी बारा वाजता झालं. आरशात बघते तर खड्डा गायब. मला हाव सुटली. म्हटलं, लेझरही आजच उरका, साहेब मला पुन्हा रजा देणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, "एका दिवशी करायचं तर आधी लेझर आणि मग इंजेक्शन. तुम्ही उलटं सांगताय." पण मी काही ऐकेना, बाहेर गर्दी वाढलेली, शेवटी तेही कंटाळले. म्हणाले, "बरं, अगदी हलकं मारू."

थांबाबाई लेझरच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "नको डॉक्टर. जुन्या चट्ट्याखाली सुई गेलीय. आज नको."

"तुम्ही कोण ठरवणार?" मी म्हटलं.

"ताई, आमच्या लाँड्रीत एकाच जागी दोन डाग पडलेला कपडा आला की वडील डोक्याला हात लावायचे. कुठला डाग कशाचा तेच कळत नाही. आज तुमच्या गालाला इंजेक्शनची सूज आहे. वर लेझरची लाली चढवली आणि आत काही बिघडलं, तर मला ते दिसणार कसं?"

"मी काय चादर आहे?" मी ओरडले. बाकावरचे चारजण हसले, तसा मला आणखी चेव आला. डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं, आणि मी मॅनेजरकडे जाऊन पानभर तक्रार खरडली. बाई उद्धट आहे, पेशंटचा अपमान करते, हिला आवरा. सही ठोकली आणि तरातरा घरी आले.

संध्याकाळी गाल ठणकायला लागला. त्यावर निळसर जाळी उमटली होती. म्हटलं, सुईचा मुका मार असेल. बर्फ लावला, दुखण्याची गोळी घेतली आणि पडणार, तोच फोन वाजला. थांबाबाई.

"ताई, गाल कसा आहे?"

मी तुटकपणे म्हटलं, "निळा पडलाय थोडा. उतरेल."

"आरशासमोर जा. बोटानं दाबा आणि सोडा. पांढरं झालेलं परत लाल व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. मग दुसरा गाल दाबा."

उजव्या गालाचा रंग लगेच परतला. डावीकडे मी सहापर्यंत मोजलं तरी पांढरंच. तसं मी त्यांना सांगितलं.

"बर्फ काढा. गाडी करा आणि निघा. डॉक्टरांना मी थांबवून ठेवते."

गेले तर त्या दारातच उभ्या होत्या, घरच्या कपड्यांत, पायात साध्या चपला. फिलरनं आतली रक्ताची वाट अडवली होती. डॉक्टरांनी ते विरघळवणारं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं पुन्हा दिलं. थांबाबाई गरम पाण्यात फडकं पिळून गालावर धरत होत्या आणि दर पाच मिनिटांनी बोटानं दाबून बघत होत्या. तासाभरानं त्या हळूच म्हणाल्या, "आला रंग." डॉक्टर खुर्चीत मटकन बसले. म्हणाले, "दुपारी लेझर मारलं असतं तर सगळा गालच लालबुंद झाला असता. लेझरचंच आहे म्हणून मीही तुम्हाला झोपायला सांगितलं असतं. सकाळी इथली कातडी काळी पडलेली दिसली असती."

दुसऱ्या दिवशी दाखवायला गेले तर थांबाबाई कुठं दिसेनात. काउंटरवरची मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "त्यांना काल चार वाजताच काढलं. या महिन्यातली तिसरी तक्रार होती."

तिसरी म्हणजे माझी. मी तशीच मॅनेजरच्या खोलीत घुसले. जन्मात पहिल्यांदा माझा राग कुणाच्या कामी आला. ते तक्रारीचं पान त्यांच्यासमोर टराटरा फाडलं आणि सांगितलं, बाई परत येत नाहीत तोवर मी इथून हलत नाही. डॉक्टरही आले आणि चूक आपली होती हे त्यांनी कबूल केलं. तीन दिवसांनी थांबाबाई कामावर रुजू झाल्या.

लेझर पुढे दोन महिन्यांनी झालं, तेही त्यांनी गाल दिव्याखाली चार वेळा बघितल्यावर. आज काचेपलीकडची माणसं सरळ तिकीट मागतात. देव त्या बाईंना उदंड आयुष्य देवो.

लेझरच्या दिवशी मी त्यांना विचारलंच. "माझ्यामुळे तुमची नोकरी गेली हे तुम्हाला माहीत होतं. तरी फोन केलात?"

त्या माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा बसवत होत्या. म्हणाल्या, "सुई बाराला दिली होती ना, ताई? सहा तासांनी विचारायचं असतं. नोकरी चारला गेली, पण तुमचे सहा तास भरायचे होते."

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि, बावन्न वर्षांची बाई, त्या खोलीत भोकाड पसरून रडले.