इंजिनातला आरसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरी मनात पाल चुकचुकतेच आहे, हा माणूस कुठे बोलणार तर नाही ना? बोलाल. माणसं बोलतात. जाऊ दे.

संशय माझ्या अंगातच आहे. दूधवाल्यानं पाणी घातलंय हे मी आधी धरून चालतो, मग दूध बघतो. जित्याची खोड, दुसरं काय! पण माझ्या धंद्यात या खोडीला गुण म्हणतात. मी विमानांची देखभाल करतो. माझ्याकडे लायसन्स आहे, माझी सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. आणि सही करणाऱ्याचा पहिला धर्म असा, की दुसऱ्यानं ‘झालं’ म्हटलं तरी आपण ते झालं नाही असं समजून बघायचं.

आम्ही कुंभकोणमचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझा आत्येभाऊ रघू माझ्याच वयाचा. आत्येचे यजमान गेल्यावर ती त्याला घेऊन आडुतुरैहून आमच्याकडेच राहायला आली. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, आणि आम्हा दोघांना काय वेड लागलं कोण जाणे, आम्ही पोस्टानं विमानाचं शिक्षण घ्यायला लागलो. मद्रासहून पाठांचं पुडकं यायचं. नाव माझं, वाचायचे दोघं. गावात तांब्यापितळेची भांडी मिळतात, विड्याची पानं मिळतात, विमान कुठून मिळणार? तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून आम्ही इंजिनाची चित्रं पाठ करायचो आणि रस्त्यानं जाणारे मामा हाक मारायचे, “काय ओ पायलट, आधी माझ्या सैकलचं पंक्चर काढून द्या की!”

मी पाठांतरात पक्का. रघूचा हात चांगला. यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण पुडकं उघडलेलं दिसलं की मला वाटायचं, यानं एखादा पाठ काढून तर ठेवला नाही? मी पानं मोजायचो. पानं नेहमी पुरी असायची, आणि पुरी आहेत म्हणून मला अधिकच राग यायचा.

नुसत्या परीक्षांनी लायसन्स मिळत नाही. लायसन्सवाल्या माणसाच्या हाताखाली विमानावर काम करावं लागतं, आणि त्यानं तसं लिहून द्यावं लागतं. बसनं जाण्याच्या अंतरावर एका छोट्या हँगरात सेल्वराज सार होते. त्यांनी आम्हा दोघांना घेतलं, पण पहिल्याच दिवशी सांगून टाकलं — पोंगलपर्यंत दोघं या, पुढे एकालाच ठेवीन. दोघांपुरतं काम इथे नाही.

तेव्हापासून मी रघूकडे चोरून बघायला लागलो. तो एका रविवारी एकटाच सारांच्या घरी गेला. हातात विड्याच्या पानांची जुडी होती, मी बघितली. कशाला गेला होता? विचारलं नाही मी. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग संशय सोडावा लागला असता. आजही मला ते ठाऊक नाही. आणि खरं सांगू? आजही वाटतं, गेला असेल तो माझ्याविरुद्ध काही सांगायला. बघा, अजून!

हँगरात भिंतीवर एक फळी होती. प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली, आणि त्या जागी त्याचा आकार काळ्या रंगानं रंगवलेला. काम संपलं की हत्यारं फळीवर. एखादा काळा आकार उघडा दिसला, तर हत्यार सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही. कारण ते विमानातच राहिलं असेल, तर वर गेल्यावर कुठे अडकेल, कुणाचा जीव घेईल, सांगता येत नाही. आमच्यात याहून मोठं पाप नाही.

पोंगल जवळ आला होता. त्या दिवशी सकाळी रघूनं इंजिनाचं काम केलं, झाकण बसवलं, “आत काही नाही, सार,” असं सांगितलं. सार सही करणारच होते. तेवढ्यात रघूच फळीपाशी गेला आणि म्हणाला, “सार, आरसा नाही.”

तो आरसा म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला, लहान गोल. दांडा मिटला की पेनाएवढा. जिथे डोळा पोचत नाही तिथे घालून बघायचा.

सारांनी कागद बाजूला ठेवला. सगळे शोधायला लागले. मीही शोधत होतो, आणि शोधताना मनात काय होतं सांगू? यानंच लपवलाय. माझ्यावर आणायला लपवलाय. साप साप म्हणून भुई धोपटत होतो मी! रघू माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, “माधू, मी तुला दिलों होतों ना रे? शेपटीकडलं बघायला?”

“नाही,” मी म्हणालो.

तेव्हा मला ते खरंच आठवत नव्हतं — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. तो बोलला त्याच क्षणी मला आठवलं. वाकलो तर शर्टाच्या खिशातला आरसा बरगडीला टोचला. कॉफी प्यायला बाहेर गेलो तेव्हा खिशातच राहिला होता. काय झालं असतं सांगितलं तर? सार ओरडले असते. कदाचित मला घरी पाठवलं असतं. एवढंच.

मी सारांना म्हणालो, इंजिन उघडून बघू या. झाकण मीच काढलं. हात आत घातला, सगळ्यांकडे पाठ करून — आणि आरसा हातात घेऊन बाहेर काढला.

हे आहे ते. हेच सांगायचं होतं.

सार रघूवर ओरडले नाहीत. म्हणाले, “तुझ्या शब्दावर मी सही करत होतो.” रघू पांढराफटक पडला. मला वाटलं, आता म्हणेल, माधूनं ठेवला. माझं उत्तर तयार होतं. पण तो आपल्या हातांकडे बघत राहिला. बसमध्ये शेजारी बसला तेव्हा म्हणाला, “बरं झालं रे तू बघितलास. एक माणूस मेला असता माझ्या हातानं.” माझ्याबद्दलचा संशय त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. त्यानं संशय घेतला तो स्वतःचा.

तो परत हँगरात आला नाही. आत्येनं खूप समजावलं, माझ्या आईनं समजावलं. मीही समजावलं — हो, मीही! सारांनी मला ठेवलं. वर, “या पोराचा डोळा संशयी आहे, हा शिकेल,” असं सगळ्यांना सांगायचे. त्या शाबासकीवर माझं पुढचं सगळं उभं आहे.

रघू आता कोविलाजवळच्या, म्हणजे देवळाजवळच्या, भांड्यांच्या दुकानात असतो. स्क्रू पिळायचा झाला तरी दुसऱ्याला बोलावतो. गावी गेलो की मला ओढून घेऊन जातो. कार्तिक अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या विहिरीत गंगा येते म्हणतात, तिथेही दोघं जातो. तो माझ्या डोक्यावर पाणी ओततो. पाणी गार असतं, बाकी काही होत नाही.

गेल्या खेपेला दुकान बंद करताना मी बरोबर होतो. त्यानं कुलूप लावलं, ओढून बघितलं. चार पावलं चालला, परत आला, पुन्हा ओढलं. आम्ही नाक्यापर्यंत गेलो तर तिथून परत फिरला. पोरं हसत होती. मग ओशाळून मला म्हणाला, “माधू, तू एकदा बघ रे. तू बघितलास म्हणजे मला झोप येते.”

मी कुलूप ओढून बघितलं. लागलेलं होतं. “लागलंय,” मी म्हणालो, आणि तो निवांत घरी निघाला.