एका ट्यूबमध्ये तीन औषधं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. आष्टीत माझं खता-औषधांचं दुकान आहे, आणि या धंद्यात डोळे झाकून भरवसा ठेवणारा माणूस दोन हंगामांत शटर ओढून घरी बसतो. खताच्या गोणीची शिलाई जरा वेगळी दिसली तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. दूधवाल्याच्या समोर मी दूध हुंगून घेतो. आई सांगते की लहानपणी मी तिलासुद्धा विचारायचो, तूच माझी आई कशावरून?

लग्नाला सात-आठ महिने झाले असतील. पावसाळ्यात बायकोच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथं, गजकर्ण उठलं. गोल, काठाला लाल, मधे साफ. तिनं दाखवलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की हे हिनं आणलं कुठून? दुखतं का, खाजतं का, हे नंतर. तर महिन्याभरापूर्वीच ती चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी धावड्याला गेल्ती. लग्नघरात दहा बाया एका सतरंजीवर झोपणार, एकीचा टॉवेल दुसरीला. झालं, मला बराबर धागा सापडला.

माझ्या दुकानासमोर मेडिकल आहे. तिथला माझा दोस्तच. त्याला सांगितलं तर त्यानं न बघताच ट्यूब काढून दिली. म्हणाला, "तिन्ही एकात हाय. बुरशी असो, जंतू असो, खाज असो, कशावर ना कशावर लागू पडतंच."

मला मनातून हसू आलं, कारण हे वाक्य माझंच होतं. शेतकरी कॅरीबॅगमधे कपाशीचं पान घालून आणतो. मी ते उजेडाला धरतो, उलटंसुलटं करतो, हं हं करतो. खरं सांगायचं तर दहातल्या चार वेळा मला कळत नाही की ही बुरशी आहे, कीड आहे, की नुसतं पाणी साचलंय. मंग मी कीडनाशक, बुरशीनाशक आणि वरून टॉनिक, तिन्ही एका पंपात मारायला सांगतो. शेतकरी खूश, मीही मोकळा. म्हणजे समोरचा काय करून राह्यलाय हे मला शंभर टक्के कळत होतं. तरी मी ट्यूब घेतली, कारण ती मला नवी नव्हती. हंगामात गोण्या उचलून करदोड्याखाली घाम साचायचा, खाज सुटायची. तेव्हा मी हीच ट्यूब बोटभर लावायचो आणि तिसऱ्या दिवशी एकदम साफ. महिन्याभरानं परत खाज आली की परत बोटभर. चार वर्षं असंच चाललं होतं. घामाला काय, येतो आणि जातो.

बायकोचंही तिसऱ्या दिवशी गेलं. मी तिला म्हणालो, बघ, माझं औषध आहे ते. पंधरा दिवसांनी परत आलं, आणि या वेळी एका गोलात दुसरा गोल. परत लावलं, परत गेलं, परत आलं. प्रत्येक खेपेला जरा मोठं होऊन.

इथून माझं डोकं सुटलं. आधी ट्यूबवर संशय घेतला. बियाणांच्या पाकिटावरची बारीक छपाई वाचायला माझ्याकडं भिंग असतं, त्यानं मी ट्यूबचा बॅच नंबर तपासला. कुणी नंबर खोडून परत मारलाय का, तेही बघितलं. दोस्त डुप्लिकेट देत असेल म्हणून परतूरहून दुसरी आणली. तीच गत झाली. मंग मला वाटलं, ही लावतच नसेल. तेल लावावं तसं वरवर पुसत असेल. मी बॉलपेननं ट्यूबवर रेघा मारल्या, म्हणजे रोज किती खाली जाते ते कळेल. तर ट्यूब भसाभस खाली जायला लागली! आता तर मला खात्रीच झाली की ही धावड्याला बहिणीला पाठवत असणार, म्हणजे तिकडंही हेच चालू आहे. मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, पसरून राह्यलंय, म्हणून जास्त लागतंय. इतकं सरळ उत्तर होतं, पण मला सरळ उत्तराचाच जास्त संशय येतो.

दिवाळीपर्यंत तिच्या मांडीवर, पाठीवर आणि मंग मानेवर चट्टे आले. मानेवरचं लपेना. शेजारणी पदराआडून बघायला लागल्या. मी तिचा टॉवेल वेगळा केला, साबण वेगळा केला, गच्चीवर तिच्या कपड्यांना वेगळी दोरी बांधली. तिची गादी दुसऱ्या खोलीत टाकली. आईनं तिच्याकडून कणीक मळायचं काम काढून घेतलं. ती काही बोलली नाही. वेगळ्या दोरीवर कपडे वाळत घालायची आणि खाली येऊन भांडी घासायची. ती बोलत नाही याचाही मी अर्थ लावला, की मनात चोर असल्याशिवाय माणूस एवढं ऐकून घेत नाही.

शेवटी आईनं तोंड उघडलं. बरी होईपर्यंत हिला माहेरी ठेव, म्हणाली, उद्या घरात लेकरू आलं तर त्यालाही होईल. मला ते पटलं. पण नुसतं नेऊन सोडलं तर सासरे चार माणसं जमवतील, टाकून दिली म्हणून बोंब होईल. म्हणून मी ठरवलं की आधी जालन्याला कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं, हिला काय झालंय ते त्यांच्या हातचं कागदावर घ्यायचं, आणि तसंच पुढं भोकरदनच्या गाडीत बसून धावड्याला सासऱ्यांच्या हातात तो कागद द्यायचा. आदल्या दिवशी तिला हे सांगितलं. ती पिशवी भरायला उठली. दारात थांबून तिनं एवढंच विचारलं की किती दिवसांचे कपडे घेऊ. मी म्हणालो, बरी होईपर्यंतचे. आज ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते. तेव्हा मात्र मी जेवून निवांत झोपलो.

जालन्याच्या गाडीत मी तिच्या शेजारी बसलो नाही. पलीकडच्या सीटवर बसलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात लावायला कचरत नव्हत्या. तिची मान त्यांनी दिव्याखाली धरली, पाठ बघितली, कंबर बघितली. इतक्या महिन्यांत तिला कुणी असा हात लावलेला मी पाहिला नव्हता. काय लावता, असं विचारल्यावर मी टेबलावर ट्यूब ठेवली. रेघांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मंग त्यांनी समजावलं. या मलमात तीन औषधं आहेत, त्यातलं एक स्टेरॉइड. त्यानं लाली जाते, खाज थांबते, माणसाला वाटतं बरं झालं. पण कातडीची बुरशीशी लढायची ताकदही त्यानंच दबते. बुरशी खाली मजेत वाढत राहते, कातडी पातळ होत जाते. दुखणं झाकलं जातं, जात नाही. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो की बाई आता आपली महागडी औषधं लिहिणार.

"घरात आणखी कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच न्हाई," मी म्हणालो. "हिनं माहेराहून आणलंय. तसं कागदावर लिहून द्या."

बायको जमिनीकडं बघत बसली होती. तशीच बसून, हळू आवाजात ती म्हणाली, "मॅडम, यांच्या करदोड्याखाली बघा."

माझा पारा चढला. परक्या बाईसमोर हे काय बोलणं! पण डॉक्टरीणबाईंनी शर्ट वर करा म्हणून सांगितलं, आणि नाही म्हणायला मला कारण सापडेना. करदोडा बाजूला सरकवून त्यांनी दिवा जवळ आणला. मी पण वाकून बघितलं. खरं सांगतो, मी ते चार वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं. आंघोळीला चाचपडून बोट फिरवायचं, एवढंच. कमरेभोवती चार बोटं रुंद काळपट पट्टा होता, काठाला बारीक पुरळ, आणि मधली कातडी चिरल्यासारखी पातळ, चकचकीत.

"हे किती वर्षांपासून?"

मी म्हणालो, घाम आहे तो.

"हा घाम नाही. हेच गजकर्ण आहे, आणि यांच्यापेक्षा जुनं आहे. तुम्ही मलम लावून झाकत राहिलात. यांना तुमच्याकडून झालंय."

त्यांनी कात्री पुढं केली. हा दोरा दिवसभर ओला राहतो, बुरशी त्यात बसते, बरं होईपर्यंत काढा, म्हणाल्या. मी भडकलो. आमच्यात माणूस गेल्यावर करदोडा तोडतात. आई दर दिवाळीला नवा बांधते, तिला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं काहीबाही बोललो. डॉक्टरीणबाईंनी कात्री तशीच पुढं धरून ठेवली. शेवटी मीच तोडला. दुसऱ्या खेपेला तुटला. डॉक्टरीणबाईंनी दोन कागद लिहिले. माझा वर होता. साधं बुरशीचं मलम, गोळ्या, दोन महिने तरी, आणि खाज थांबली म्हणून मधेच सोडायचं नाही.

आम्ही स्टँडकडं चालायला लागलो. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

"लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात दिसलं मला."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलल्ते की. तुमी म्हणले, चार दिवस झाले न्हाईत घरात येऊन, माझ्या अंगात खोट काढून राह्यली."

मला आठवलं. मी तसं म्हणालो होतो, हसत म्हणालो होतो. जगातल्या प्रत्येक गोणीवर, पुडीवर, माणसावर मी संशय घेतला होता. माझ्या स्वतःच्या अंगावर तेवढा घेतला नव्हता. मी म्हणालो, चल, घरी जाऊ, आईला मी सांगतो. ती थांबली नाही. भोकरदनची गाडी लागलेली होती, ती सरळ चढली आणि खिडकीशी बसली. मी खालून, गाडीला हात लावून उभा राहिलो. ड्रायव्हर येऊन बसला. तेव्हा कुठं मी तोंड उघडलं, तेही माझ्या स्वभावाला साजेसंच.

"तुझ्या वडलांना काय सांगशील?"

"तुमी माझ्याबद्दल सांगणार होते, तेच सांगते. फक्त माझ्या जागी तुमचं नाव घेते," ती म्हणाली. "दोन महिने औषध घ्या. बरे झाले की या न्यायला. तवा बघू, मला यायचं का न्हाई."

गाडी निघाली. मी आष्टीला परत आलो. दारातच आईनं विचारलं, सोडलं का तिला? मी म्हणालो, न्हाई, तिनं मला सोडलं. आणि पहिली गोळी घेतली.