उमाचा मिक्सर

पोटच्या पोराचं नाव ठेवताना माणसं पंचांग बघून मोकळी होतात. पण जुन्या यंत्रांच्या नादी लागलेल्या मंडळींना फोनवरच्या ग्रुपात शिरताना नाव घ्यायचं असलं, की त्यांची झोप उडते. 'अजून चालू आहे' नावाचा असा एक ग्रुप होता. तिथं खऱ्या नावानं वावरायला बंदी. घरातल्या ज्या जुन्या यंत्रावर जीव आहे त्यावरून नाव घ्यायचं आणि तेच का घेतलं, हे आल्या आल्या सगळ्यांना सांगायचं, असा रिवाज. ग्रुप काढणारे तुळजापूरचे बिभीषणराव 'लाल दिवा' होते, कारण त्यांच्या आईच्या इस्त्रीचा लाल दिवा अजून लागायचा. इस्त्री मात्र तापत नसे. लातूरचे गौरीशंकर 'दोनच पाती' होते. त्यांच्या टेबलफॅनचं तिसरं पातं कधीच मोडलं होतं आणि त्या थरथरत्या पंख्यापुढं ते कौतुकानं घाम पुसत बसत. भूमच्या एका मास्तरांनी रेडिओवरून 'खरखर' हे नाव घेतलं. ते रेडिओपेक्षा मास्तरांनाच शोभतं, असं त्यांच्या घरच्यांचं मत.

परंड्याच्या शिवानंदअप्पांनी नाव घेतलं 'उमाचा मिक्सर'.

अप्पांचं बसस्टँडजवळ बांगड्या-कटलरीचं दुकान. लग्न झाल्यावर त्यांनी सोलापूरहून हा मिक्सर एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. अंग लोखंडी, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसत. पहिल्या काही दिवसांतच त्याचं बटण तुटलं आणि नुसता दांडा उरला. तो पकडीनं पिळावा लागे. मग झाकणाचं रबर गेलं, म्हणून झाकण दोन्ही हातांनी दाबून धरावं लागे. थोडक्यात, एका माणसाचं काम राहिलं नाही. उमादेवी झाकण दाबून धरायची आणि अप्पा पकड घेऊन तिच्या शेजारी उभे राहायचे. ती "बास" म्हणाली की दांडा उलटा पिळायचा. शेंगाची चटणी जरा जास्त फिरली तर तेल सुटून गोळा होतो. थांबायचं कधी, ते उमाला आवाजावरून कळायचं, अप्पांना जन्मभर कळलं नाही.

बटण आणि रबर दोन्ही बाजारात मिळत होतं. "उद्या आणतो," असं अप्पा म्हणत आणि आणत नसत. ते आणणार नाहीत हे उमालाही ठाऊक होतं. मूलबाळ झालं नाही. एकमेकांशी धड दोन गोड शब्द न बोललेली ही माणसं रोज सकाळी त्या मिक्सरपाशी खांद्याला खांदा लावून उभी राहत. तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत उमा गेली. दवाखान्यातून ती घरी आलीच नाही, प्लॅस्टिकात गुंडाळून थेट लिंगायतांच्या रुद्रभूमीत पुरायला गेली. अप्पांना लांबूनच हात जोडायला मिळाले. माती लोटणारे कोण होते, तेही त्यांना कळलं नाही. सांत्वनाला दारात कुणी आलं नाही. फोन आले, "जपा स्वतःला" म्हणून पटकन बंद झाले. शेजारच्या सिताबाईंनी भाकरीचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि हाक मारून त्या आत पळाल्या. त्यांच्याही घरात तान्हं नातवंड होतं. दोष कुणाचाच नव्हता, त्यामुळं अप्पांना राग धरायलाही जागा उरली नाही. पुढं दारं उघडली, लग्नंकार्यं सुरू झाली, पण झालेल्या गोष्टीला फार दिवस झाले म्हणून मग कुणी विषयच काढेना. मिक्सरवर उमाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकून अप्पांनी तो झाकून ठेवला. एकट्यानं तो चालवायचा कसा, हाही प्रश्नच होता.

ग्रुपात अप्पा आले ते त्यानंतर. नाव का घेतलं, ते त्यांनी रिवाजाप्रमाणं लिहिलं. पकड, दांडा, झाकण, सगळं. मंडळी खूष झाली. मग 'दोनच पातीं'नी विचारलं, "अप्पा, वहिनी चालवतात का अजून?"

अप्पा फोनकडं बघत राहिले. उमाबद्दल इतक्या सहज कुणी बोलून किती काळ लोटला होता. त्यांनी लिहिलं, "व्हय."

एवढ्यानंच सगळं सुरू झालं. रोज सकाळी कुणी ना कुणी विचारायचं, "वहिनींनी आज काय वाटलं?" अप्पा लिहायचे, "शेंगाची चटणी." कधी लिहायचे, "काळं तिखट. लई ठसका लागला दोघांस्नी." कुणी जुन्या यंत्रात नवे भाग घालायला निघालं की अप्पा लिहीत, "उमा म्हणती, मग नवंच घ्या की." ग्रुप हसून बेजार व्हायचा. संक्रांतीला वहिनींना तिळगूळ यायचा, त्यांचा खोकला बरा झाला का याची चौकशी व्हायची. खरी उमा चार माणसांत तोंड उघडत नसे. जिवंतपणी बोलली नाही इतकं ती आता बोलत होती. अप्पा रोज सकाळी उठायचे ते तिच्यासाठी आज काय वाटायचं, हे ठरवायला. ही फसवणूक आहे हे त्यांना कळत होतं. पण खरं सांगितलं, तर ती जिथं उरली होती तिथूनही जाणार, हेही कळत होतं.

आणि परवाच्या उन्हाळ्यात गौरीशंकरांचा निरोप आला. कुर्डुवाडीला लग्नाला निघालोय, मिसेस पण आहेत. वाटेत परंड्याला उतरतो, वहिनींच्या हातची चटणी खाऊनच पुढं जाणार.

उमा माहेरी गेली आहे, असं अप्पांनी कळवलं. असू द्या, तुम्हाला आणि मिक्सरला भेटतो, असं उत्तर आलं. मग अप्पांनी भिंतीवरची उमाची तसबीर काढली आणि घडवंचीवर रचलेल्या वाकळा-गोधड्यांत आत सरकवली. वरची वाकळ नीट केली. आपण तिला पुन्हा घराबाहेर काढतोय, असं त्यांना वाटलं.

पाहुणे आले. गौरीशंकर मोठ्या आवाजाचे, त्यांच्या पत्नी मोनिका शांत. चहा झाला. गौरीशंकर मिक्सरवरचं कापड वर करून दांड्याचे फोटो काढू लागले. मोनिकाताईंनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढले.

"वहिनींची ओटी भरायची होती," त्या म्हणाल्या. "नसल्या तर नसू द्या. देवापुढं ठेवते, आल्या की तुम्हीच द्या त्यांना."

त्या देव्हाऱ्याकडं वळल्या. एवढा वेळ अप्पांनी सगळं निभावलं होतं. पण ओटीचा नारळ देव्हाऱ्याकडं निघालेला पाहिला आणि त्यांना राहवलं नाही.

"ताई, वटी नका ठिवू," ते म्हणाले. "उमा न्हाय. करोनात गेली ती. म्या तुमास्नी समद्यास्नी खोटं सांगितलं."

गौरीशंकरांनी हातातला फोन खाली ठेवला. आता ते चिडणार, उठून जाणार, अशी अप्पांची खात्री होती. मोनिकाताईंनी खण-नारळ पिशवीत परत घातला. मग त्या भिंतीशी, खाली फरशीवर बसल्या. पदर डोक्यावर घेतला. दुःखाच्या घरी बायका बसतात, तशा.

"कशा गेल्या, अप्पा?" त्यांनी विचारलं.

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. अप्पा सांगत गेले. ताप कधी आला, रिक्षात बसताना ती काय म्हणाली, "दूध तापवायचं ऱ्हायलंय, बघा," हे तिचे शेवटचे शब्द, तेही. तसबीर त्यांनी वाकळांतून काढून मोनिकाताईंच्या हातात दिली. गौरीशंकर शेजारी येऊन बसले आणि त्यांनी अप्पांच्या पाठीवर हात ठेवला. अप्पा रडले. एवढा म्हातारा माणूस लहान पोरागत हुंदके देऊन रडला. मोनिकाताईंनी प्रवासाचा डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडून त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "दोन घास खावे लागतात, अप्पा." राहून गेलेला दुखवटा असा त्या दुपारी परंड्यात झाला.

निघताना गौरीशंकरांनी हळूच विचारलं, "ग्रुपवर मी सांगू का?"

अप्पांनी होकाराची मान हलवली. संध्याकाळपर्यंत फोन निरोपांनी भरून गेला. कुणी रागावलं नाही. 'खरखर' मास्तरांनी लांबलचक लिहिलं. बिभीषणरावांनी कळवलं, नाव आहे तेच राहू द्या, अप्पा. अप्पांनी प्रत्येकाला हात जोडले. कितीतरी काळानं त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी उठून त्यांनी सवयीनं फोन पाहिला. कुणाच्या तरी पंख्याचं कॉईल जळलं होतं, त्याची चर्चा चालली होती. ते वाट बघत बसले. दुकान उघडायची वेळ टळली. वहिनींनी आज काय वाटलं, असं कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? चांगली माणसं होती ती.

मग अप्पा उठले, मिक्सरवरचा लुगड्याचा तुकडा काढला आणि भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ भांड्यात घातलं. डाव्या हातावर अंगाचा सगळा भार टाकून झाकण दाबलं, उजव्या हातात पकड घेतली आणि दांडा पिळला. मिक्सर गरजला. भिंतीपलीकडं सिताबाई हातातलं काम टाकून ऐकत उभ्या राहिल्या. अप्पा झाकण दाबून तसेच उभे होते. भांड्यातल्या चटणीला केव्हाच तेल सुटलं होतं, तिचा गोळा झाला होता, तरी मिक्सर चालूच होता. बास म्हणणारं घरात कुणी नव्हतं.